टिपणातला अनुक्त कर्ता

कार्यालयीन लेखन म्हणजे टिपणे, अहवाल, आदेश, परिपत्रके, प्रस्ताव, इतिवृत्ते. साहित्यात त्याला कोणी धरत नाही, पण माणसाच्या रोजच्या जगण्यावर या लेखनाइतका परिणाम क्वचितच दुसऱ्या कुठल्या लेखनाचा होत असेल. जमीन कोणाच्या नावावर चढणार, पुलाची दुरुस्ती यंदा होणार की पुढल्या वर्षी, औषधाच्या वेष्टनावर कोणता इशारा छापणार, हे सारे आधी कुठल्या तरी कागदावर ठरते. तरीही या लेखनाचा नीट अभ्यास व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेतील विद्यापीठांत अभियंत्यांना आणि व्यवस्थापकांना लेखन शिकवण्याचे वर्ग त्याआधीपासून चालत. पण तिथे भर असे तो नमुने गिरवण्यावर. १९७० नंतर वक्तृत्वशास्त्राचे काही अभ्यासक या कागदांकडे गंभीरपणे पाहू लागले. कॅरोलिन मिलर यांनी १९७९ साली ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात लेख लिहून एक रूढ समजूत मोडीत काढली. तांत्रिक भाषा म्हणजे खिडकीची स्वच्छ काच, तिच्यातून पलीकडची वस्तुस्थिती जशी आहे तशी दिसते, अशी ती समजूत. मिलर यांचे म्हणणे असे की कोणतेही लेखन एका समूहाच्या आत, त्या समूहाला पटेल अशा रीतीने घडते. अहवालही त्याला अपवाद नाही. १९८५ मध्ये ली ओडेल आणि डिक्सी गोस्वामी यांनी संपादित केलेला, शिक्षणसंस्थांबाहेरच्या लेखनावरील निबंधसंग्रह आला आणि या अभ्यासाला ज्ञानशाखेचे रूप येऊ लागले.

भाषा काच नसेल, तर एक तात्त्विक प्रश्न आपोआप उभा राहतो. टिपण लिहिणाऱ्याची जबाबदारी मजकूर बिनचूक करण्यापाशी संपते, की त्या मजकुराने जे घडते तिथवर जाते? या ज्ञानशाखेत हा प्रश्न सर्वांत निर्दयपणे मांडला तो स्टीव्हन कॅट्झ यांनी. ‘द एथिक ऑफ एक्स्पीडिएन्सी’ हा त्यांचा निबंध मार्च १९९२ च्या ‘कॉलेज इंग्लिश’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मध्यभागी एकच दस्तऐवज आहे आणि तो वाचल्यावर कार्यालयीन गद्याकडे पूर्वीसारखे निर्धास्तपणे पाहता येत नाही.

तो दस्तऐवज म्हणजे ५ जून १९४२ या तारखेचे, अतिगोपनीय शेरा असलेले एक टिपण. बर्लिनमधील नाझी सुरक्षा मुख्यालयाच्या वाहन विभागातल्या विली युस्ट याने ते आपला वरिष्ठ वाल्टर राऊफ याच्यासाठी तयार केले. विषय: वापरात असलेल्या आणि बांधणी चालू असलेल्या विशेष वाहनांत करावयाचे बदल. ही वाहने म्हणजे इंजिनाचा विषारी धूर मागच्या बंद डब्यात सोडून आतल्या माणसांना मारणारे ट्रक. पोलंडमधील खेल्म्नो येथे डिसेंबर १९४१ पासून ते चालवले जात होते. टिपणाच्या सुरुवातीलाच तीन वाहनांची कामगिरी सांगितली आहे: डिसेंबरपासून ९७,००० वर प्रक्रिया झाली आणि वाहनांत दोष आढळला नाही. ९७,००० कोण, ते लिहिलेले नाही. आकड्यापुढे नामच नाही. पुढे गरज पडेल तिथे ‘माल’ अशा अर्थाचा शब्द येतो, किंवा नगांची संख्या येते.

मग क्रमांक घालून सात तांत्रिक मुद्दे येतात. वाहनात दर चौरस मीटरला नऊ ते दहा इतका भरणा होतो. पण मोठी वाहने पूर्ण भरली तर खराब रस्त्यावर नीट चालत नाहीत. भरणा कमी करावा, तर रिकामी राहिलेली जागाही वायूने भरावी लागते आणि वेळ जास्त लागतो. म्हणून डबाच एक मीटरने आखूड करावा, अशी शिफारस. उत्पादक कंपनीने शंका काढली होती की डबा आखूड केला तर पुढच्या आसावर जादा भार येईल. युस्ट तिचे निरसन करतो: काम चालू असताना माल आपोआप मागच्या दाराकडे लोटतो, त्यामुळे तोल सांभाळला जातो. पुढचा एक मुद्दा सफाईसाठी तळाला झाकणाचे भोक ठेवण्याविषयी आहे, आणखी एक दिव्यांविषयी.

दिव्यांच्या मुद्द्यापाशी थांबून पाहण्यासारखे आहे. दिवे फारसे वापरले जात नाहीत, तेव्हा ते काढून टाकावेत अशी सूचना आलेली असते. युस्ट ती नाकारतो. दार बंद होऊन अंधार झाला की माल उजेडाच्या दिशेने दाराकडे धाव घेतो आणि अडसर लावणे अवघड होते. शिवाय दारे लागताना नेहमी आरडाओरडा सुरू होतो, बहुधा अंधाराच्या भीतीने. तेव्हा आधी आणि पहिली काही मिनिटे दिवा चालू ठेवावा, आणि त्याला पोलादी जाळी बसवावी. इथे टिपणाची भाषा स्वतःच उघडी पडते. मालाला अंधाराचे भय वाटत नाही. लिहिणाऱ्याला आत माणसे आहेत हे ठाऊक होते, ती का ओरडतात याचा त्याने विचारही केला होता, आणि त्या विचारातून दिव्याची जाळी निघाली.

क्लोद लान्झमन यांच्या ‘शोआ’ या १९८५ च्या माहितीपटातही हे टिपण वाचून दाखवले आहे. कॅट्झ यांच्यापर्यंत ते तिथूनच आले. त्यांनी त्याला लावलेली कसोटी साधी होती. लेखनाच्या वर्गात शिकवले जाणारे सगळे गुण त्यांनी या टिपणात शोधले, आणि ते सगळे सापडले. विषय पहिल्या ओळीत स्पष्ट आहे. मुद्दे क्रमाने आले आहेत. प्रत्येक शिफारशीमागे कारण आहे. प्रतिवाद्याचे म्हणणे नोंदवून त्याला उत्तर दिले आहे. वाचणाऱ्या वरिष्ठाला निर्णय घ्यायला जे लागते ते सर्व आहे, आणि एकही शब्द वाया गेलेला नाही. वर्गात हे टिपण विषय झाकून तपासायला दिले, तर उत्तम गुण मिळतील.

राजशासनाच्या लेखनाची कसोटी भारतीय परंपरेतही फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा दहावा अध्याय ‘शासनाधिकार’ याच विषयावर आहे. चांगल्या लेखाचे सहा गुण तिथे सांगितले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. औदार्य म्हणजे मनाचा मोठेपणा असे आजच्या वाचकाला वाटेल. तिथे त्याचा अर्थ ग्राम्य शब्द न वापरणे एवढाच आहे. युस्टचे टिपण या कसोटीवरही पाच-सहा गुण सहज कमावून जाते, औदार्यासकट. त्यात कुठेही शिवी नाही, द्वेषाचा शब्द नाही, ज्यांना मारायचे त्यांच्या जातीधर्माचा उल्लेखही नाही. कौटिल्याच्या लेखकाने राजाची आज्ञा एकाग्र चित्ताने ऐकून ती निःसंदिग्ध अर्थाच्या लेखात उतरवायची असते. आज्ञा काय आहे याचा विचार अर्थशास्त्रात अन्यत्र, राजाच्या खात्यात टाकलेला आहे. ही वाटणी दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. मसुदा करणारा भाषेपुरता जबाबदार, सही करणारा निर्णयापुरता, असे कोणत्याही कचेरीत आजही मानले जाते.

कॅट्झ यांना या वाटणीचे मूळ ॲरिस्टॉटलमध्ये दिसले. ‘ऱ्हेटोरिक’च्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल भाषणाचे तीन प्रकार करतो. न्यायालयीन भाषणाचे साध्य न्याय, गौरवपर भाषणाचे साध्य प्रतिष्ठा, आणि पुढे काय करावे हे ठरवणाऱ्या विमर्शात्मक भाषणाचे साध्य हिताहित, म्हणजे उपयुक्तता. अशा विमर्शात बोलणारे न्यायाचा मुद्दा दुय्यम मानतात, शेजाऱ्यांना गुलाम करणे अन्यायाचे आहे की नाही याची पर्वा ते बहुधा करत नाहीत, असेही तो नोंदवतो. कॅट्झ यांच्या मते कार्यालयीन लेखन हा मूलतः विमर्शाचा प्रकार, त्यामुळे उपयुक्तता हेच त्याचे नीतिमूल्य होऊन बसते. आणि जेव्हा एखादी राजवट यंत्रज्ञानालाच सर्वोच्च मूल्य ठरवते, तेव्हा ‘काम नीट झाले’ एवढ्यावर नीतीचा हिशेब पुरा होतो. १९९३ च्या पाठपुराव्याच्या लेखात त्यांनी हा धागा हिटलरच्या प्रचारविचारापर्यंत नेला.

या मांडणीतला ॲरिस्टॉटलवरचा आरोप मात्र ताणलेला आहे. बोलणारे काय करतात याचे वर्णन करणे आणि त्यांनी तसे करावे असे सांगणे यांत फरक आहे. ‘निकोमॅकियन एथिक्स’मध्ये हाच ॲरिस्टॉटल नुसती चलाखी आणि व्यवहारशहाणपण यांना वेगळे काढतो: साध्य वाईट असेल तर ती चलाखी, शहाणपण नव्हे. तेव्हा युस्टच्या टिपणाचा पाया अथेन्समध्ये शोधण्याचे कारण नाही. कॅट्झ यांचा दुसरा मुद्दा मात्र अभंग उरतो. स्पष्ट, थोडक्यात, मुद्देसूद आणि कार्यसाधक लिहा, एवढेच शिकवणारा वर्ग आपण नीतिनिरपेक्ष कसब शिकवतो असे समजतो. प्रत्यक्षात तो एक नीतीच शिकवत असतो, उपयुक्ततेची.

उपयुक्ततेने नीतीचा निवाडा होत नाही, हा युक्तिवाद मराठी वाचकाला परका नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाची जी झडती घेतली आहे, तीत एक उदाहरण थेट कचेरीतलेच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू होणे लोकांच्या सोयीचे होते, पण अधिकाऱ्यांची परवानगी लवकर मिळेना. तेव्हा व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली. ट्राम झाली, पुष्कळांचे पुष्कळ सुख साधले. बाहेरच्या परिणामाचा हिशेब मांडला तर कृत्य चांगले ठरते, आणि तरी ते निर्दोष म्हणवत नाही. म्हणून टिळक कर्त्याच्या बुद्धीकडे वळतात: कर्माची परीक्षा त्यामागच्या बुद्धीवरून करावी.

पण कार्यालयीन गद्यात नेमकी ही बुद्धी कोणाची, हेच सापडू नये अशी सोय केलेली असते. शासकीय मराठीतला आदेश घ्या. मंजुरी देण्यात येत आहे, अर्ज फेटाळण्यात आला, योग्य ती कार्यवाही करण्यात यावी. देणारा, फेटाळणारा, करणारा वाक्यात नाही. ही लकब केवळ इंग्रजी अमदानीची देणगी म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्या मागे अधिकाराची एक जुनी कल्पना उभी आहे. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले ते याच तर्काने: वाक्याला कर्ता असला की त्याच्या अज्ञानाची, लोभाची, भ्रमाची शंका वाक्याला चिकटते, कर्ताच नसेल तर दोष यायला दार उरत नाही. कुमारिलभट्टांनी तर विध्यर्थी क्रियापदातच ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणारी शक्ती मानली आणि तिला शाब्दी भावना म्हटले. आज्ञा कोणी केली हे विचारायचेच नाही, शब्दच आज्ञा करतो. मीमांसकांनी हे सगळे यज्ञविधीच्या वाक्यांपुरते आणि मोठ्या काटेकोर चर्चेनंतर मानले. कचेरीने ती चर्चा वगळून फक्त फळ घेतले. ‘नियमानुसार’ हा शब्द वाक्यात आला की तिथे माणूस उरत नाही, फक्त नियम बोलतो.

व्याकरण मात्र इतके भोळे नाही. पाणिनीच्या व्यवस्थेत कर्ता म्हणजे क्रियेत जो स्वतंत्र असतो तो. कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्त्याऐवजी कर्माला सांगते, कर्ता तृतीयेत जातो, कित्येकदा उच्चारलाही जात नाही. पण तो नाहीसा होत नाही. नुसता अनुक्त राहतो. क्रिया झाली आहे त्या अर्थी ती करणारा कोणीतरी स्वतंत्र होता, एवढे व्याकरण गृहीतच धरते. ‘९७,००० वर प्रक्रिया झाली’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही गाळलेले आहेत, फक्त संख्या आणि क्रियापद उरले आहे. आणि तरी वाक्याचा अर्थ लागतो, कारण वाचणाऱ्या राऊफला दोन्ही जागा भरता येतात.

हाना आरेन्ट यांनी १९६१ सालचा नाझी अधिकारी आइखमन याचा खटला जेरुसलेममध्ये बसून पाहिला आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी टिपलेली एक गोष्ट या विषयाला फार लागू आहे. आइखमनने न्यायालयात कबूल केले की कार्यालयीन भाषा हीच आपली एकमेव भाषा आहे. ठार मारणे, हद्दपारी अशा गोष्टींसाठी नाझी यंत्रणेने ठरवून दिलेले पर्यायी शब्द होते. हेतू बाहेरच्यांना फसवण्याचा होताच, पण आरेन्ट यांच्या मते त्याचा मोठा परिणाम आतल्या माणसांवर झाला. आपण करतो त्याचा, ज्याला आपण पूर्वी खून म्हणत होतो त्याच्याशी संबंधच जुळू नये, अशी ती सोय होती. याच आइखमनने आपण कांटच्या कर्तव्यविचाराप्रमाणे जगलो असाही दावा केला, आणि विचारल्यावर त्या विचाराची बऱ्यापैकी बरोबर व्याख्याही दिली. कर्तव्याची भाषा कोणत्याही परंपरेची असो, ती अशी पळवली जाऊ शकते. फळावर नजर न ठेवता नेमून दिलेले काम करावे, हे गीतेतले सूत्रही एखादा कारकून स्वतःच्या बचावाला काढू शकेल. फरक इतकाच की निष्काम याचा अर्थ स्वतःच्या लाभाची इच्छा न धरणे. आपल्या कर्माने दुसऱ्याचे काय होते याकडे पाठ फिरवण्याची मुभा त्यात नाही, आणि म्हणूनच टिळक निष्काम कर्माला लोकसंग्रहापासून तोडत नाहीत.

कोणी म्हणेल, टिपण निदान खोटे तरी नव्हते. युस्टचा आसावरच्या भाराचा हिशेब कदाचित बरोबरही असेल. अचूकपणा हा कार्यालयीन लेखनाचा मोठा गुण मानला जातो आणि तो तसा आहेच. पण अचूकपणाने सुटका होत नाही, हे महाभारताने कर्णपर्वातल्या कौशिकाच्या कथेत सांगून ठेवले आहे. गांडीवाचा अपमान झाला म्हणून प्रतिज्ञेप्रमाणे युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघालेल्या अर्जुनाला कृष्ण ही कथा सांगतो. कौशिक हा सत्यवचनाचे व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे वनात लपली. दरोडेखोरांनी येऊन विचारले, आणि कौशिकाने ती कुठे गेली ते खरेखरे सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. टिळकांनी ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा करताना अशाच प्रसंगांचा आधार घेतला आहे. कौशिकाने फक्त माहिती दिली. त्याच्या बाजूने आज बोलणारा माहिती अधिकारीही हेच म्हणेल की विचारलेल्या प्रश्नाचे उपलब्ध अभिलेखानुसार उत्तर देण्यात आले.

मग उपाय कशात आहे? पहिला सुचणारा उपाय शैलीचा: कार्यालयीन भाषा अधिक मानवी करावी, कर्तरी प्रयोग वापरावा, आकड्यांमागची माणसे दाखवावीत. सॅम ड्रॅगा आणि डॅन व्हॉस यांनी २००१ मध्ये अपघाती मृत्यूंच्या आलेखांवर टीका करणारा लेख लिहिला. वर्तुळाचे रंगीत तुकडे आणि नीटस स्तंभ पाहताना मेलेली माणसे दृष्टीआड होतात, तेव्हा आलेखात मानवी आकृती, चेहरे यांची जोड द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. लेखाचा रोख योग्य आहे, पण उपाय कितपत पुरा पडतो याची शंका येते. आणि ती शंका पक्की करणारा पुरावा खुद्द त्या विषारी ट्रकांच्या फाइलमध्येच आहे.

युस्टच्या टिपणाच्या तीनच आठवडे आधी, १६ मे १९४२ ला, ऑगस्ट बेकर या रसायनतज्ज्ञ अधिकाऱ्याने राऊफलाच एक पत्र पाठवले होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते पुरावा म्हणून आले. बेकर पूर्व आघाडीवर ही वाहने तपासत फिरत होता, आणि त्याचे पत्र युस्टच्या टिपणासारखे थंड नाही. त्यात प्रथमपुरुष आहे. डबा रिकामा करणाऱ्या शिपायांची डोकेदुखी, त्यांच्या मनावर होणारा आघात याची काळजी आहे. चालक घाईने गॅस वाढवतात, त्यामुळे माणसे झोपी न जाता गुदमरून मरतात, ही तक्रार आहे. आपण सांगितल्याप्रमाणे कळ नीट बसवल्यावर ती शांत झोपेत मरतात, असे समाधानही आहे. मरणारे इथे माल झालेले नाहीत, त्यांना चेहरे आहेत, यातनाही आहेत. आणि पत्राचा हेतू तोच आहे: काम सुरळीत चालावे. दोन्ही कागद एकाच माणसाच्या टेबलावर गेले आणि दोन्हींचे उत्तर एकच होते, सुधारणा करून काम चालू ठेवणे. शैलीत सहानुभूती मिसळली म्हणून लेखन नीतिमान होत नाही.

मार्क वॉर्ड यांनी २०१४ च्या ‘डेडली डॉक्युमेंट्स’ या पुस्तकात या वाहनांविषयीचे असे कागद एकत्र ठेवून वाचले, आणि कॅट्झ यांच्या वाचनातली एक उणीव त्यातून पुढे आली. कॅट्झ यांनी एक टिपण सुटे काढून त्याच्यावर सगळा भार टाकला होता. वॉर्ड यांनी लक्ष वेधले ते संघटनेकडे: लिहिणाऱ्याच्या आधी ठरलेले साचे, शब्द, खात्याखात्यांतली स्पर्धा, वरिष्ठाला काय वाचायला आवडते याचा अंदाज. युस्टला हा थंडपणा मुद्दाम आणावा लागला नाही, कारण त्याच्या खात्यात सगळेच कागद असे लिहिले जात होते. या वाचनाने युस्टचा दोष हलका होतो असे समजण्याचे कारण नाही. उलट दोषाला आणखी धनी मिळतात. आणि प्रश्न एका लेखकाच्या मनातून निघून कागद ज्या वाटेने फिरतो त्या वाटेवर येतो.

ही वाट उलट्या दिशेने तपासण्याची संधी अभ्यासकांना चॅलेंजर दुर्घटनेने दिली. २८ जानेवारी १९८६ ला हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठर झाली, गरम वायू सुटला. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बोइजोली यांनी सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ ला, अंतर्गत टिपण लिहून ठेवले होते. ते टिपण आडपडद्याचे नव्हते. या सांध्याकडे तातडीने लक्ष दिले नाही तर मनुष्यहानी होईल, असा थेट इशारा त्यात होता. कर्ता होता, माणसे होती, भीतीही होती. कॅट्झ यांना जे जे हवे असेल ते सगळे होते, आणि तरी ते टिपण वाया गेले.

डोरोथी विन्सर यांनी या प्रकरणावर १९८८ पासून लिहिलेल्या लेखांत याचे कारण शोधले. माहिती पोहोचली नाही, असे म्हणणे त्यांना पुरेसे वाटले नाही. कागद तर पोहोचले होते. संघटनेत एखादी गोष्ट माहीत होणे म्हणजे ती कागदावर असणे नव्हे, ती खरी आहे असे तिथल्या लोकांनी मान्य करणे. आणि वाईट बातमी मान्य व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. कार्ल हर्न्डल, बार्बरा फेनेल आणि कॅरोलिन मिलर यांनी १९९१ मध्ये चॅलेंजर आणि थ्री माइल आयलंडचा १९७९ सालचा अणुभट्टीतला अपघात एकत्र अभ्यासले, तेव्हा अभियंते आणि व्यवस्थापक यांच्या युक्तिवादांचे पायेच वेगळे असल्याचे त्यांना आढळले. कड्यांवर जळल्याच्या खुणा दिसतात, हा अभियंत्याचा पुरावा. आजवरची उड्डाणे सुखरूप झाली, हा व्यवस्थापकाचा. प्रत्येकाला आपला पुरावा दिसतो आणि दुसऱ्याचे नुसते मत वाटते.

उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, दूरध्वनीवर जी बैठक झाली तिच्यात हे सगळे एका कागदावर येऊन ठेपले. थायोकॉलच्या अभियंत्यांनी ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, अशी शिफारस केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी ती उचलून धरली नाही. कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी संभाषण थांबवून आपसात चर्चा केली, आणि तिथे अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आले की अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घाल. शिफारस फिरली. ती लेखी हवी, असे नासाने सांगितले. तळावर हजर असलेले कंपनीचे संचालक ॲलन मॅकडोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला. तेव्हा मुख्यालयातून उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांच्या सहीने एक पान फॅक्सने आले. त्यात कडी आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षा २० अंशांनी अधिक गार असेल याची नोंद आहे, तापमानाविषयीचा पुरावा निर्णायक नाही हेही आहे, आणि शेवटी कंपनी उड्डाणाची शिफारस करते असे आहे. अभियंत्यांनी उड्डाण करू नये असे सांगितले होते, हे मात्र त्यात कुठेही नाही. वाक्याचा कर्ता ‘कंपनी’ झाली आणि कंपनीत न मानणारे कोणी उरले नाही.

मॅकडोनाल्ड यांच्या नकाराने उड्डाण थांबले नाही, कारण पद्धतीला एक सही हवी होती, ठरावीक माणसाची नव्हे. व्यक्तीच्या सदसद्विवेकाची मर्यादा इथे दिसते. पण त्याचे मोलही इथेच दिसते, कारण पुढे चौकशी आयोगापुढे त्यांनी व बोइजोलींनी साक्ष दिली नसती तर त्या रात्रीच्या वादाचा त्या पानावरून पत्ताही लागला नसता. आयोगाचा निष्कर्ष असा होता की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना अभियंत्यांचा विरोध ठाऊकच नव्हता. आयोगाने सांध्याची नवी रचना सुचवलीच, शिवाय कागदाच्या वाटेविषयीही शिफारशी केल्या: उड्डाणसज्जतेच्या आढावा बैठकांची नोंद ठेवावी, आणि त्या बैठकीत ज्यांना यानात बसायचे आहे त्यांच्यापैकी एकाने, म्हणजे पथकाच्या कमांडरने किंवा त्याच्या प्रतिनिधीने, हजर राहावे.